पोचूच्या घरची पाहुणी पेटी

मी पेटी बोलतेय. नाटकात मांडी घालून वाजवतात ती पेटी नव्हे. मी खांद्याला अडकवून, दोन्ही हातांनी ओढून-दाबून वाजवायची परदेशी पेटी. तिकडे मला अकॉर्डियन म्हणतात, पण ते नाव या गावात कोणाच्या जिभेवर टिकलं नाही. आणि मला मराठी कशी येते म्हणाल, तर चार वर्षं कोणी वाजवलं नाही म्हणजे ऐकायला वेळच वेळ मिळतो.

माझा जन्म चेकोस्लोव्हाकियातल्या एका कारखान्यातला. माझा धनी ओंद्रेय. डोंगरातल्या जंगलात लाकूड तोडायचा आणि संध्याकाळी हात धुऊन मला खांद्यावर घ्यायचा. हात धुतले तरी बोटांना राळेचा वास राहायचाच. तो वास माझ्या पट्ट्यांवर अजून आहे असं मी समजते. नसेलही.

आमच्या गावात लाज कोणाला नव्हती. पाहुणा पेटी घेऊन आला की ती आधी घरभर फिरायची. आजोबा वाजवायचे, शेजारीण वाजवायची, वाजवता न येणारे तर जास्तच वाजवायचे. कोणी हात लावला नाही तर पाहुणा रुसायचा.

१९५५ साली ओंद्रेयच्या नाचणाऱ्या मेळ्याला सरकारने हिंदुस्थानात पाठवलं. तिकडचे कलावंत इकडे, इकडचे तिकडे, अशी ती योजना होती. दिल्लीला कार्यक्रम झाला, नागपूरला झाला. मग कचेरीतल्या एका साहेबांच्या मनात आलं की पाहुण्यांना खेड्यातली कलाही दाखवावी. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरत होती. छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही सिंदेवाहीला उतरलो आणि तिथून बैलगाडीने या गावात आलो.

मंडईत भर दुपारी दंडार, म्हणजे इकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगली होती. ढोलकीवर पोचू होता. चाळिशीचा, धानाची शेती करणारा, बोलायला कंजूष माणूस. पण ढोलकीवर हात पडला की त्याला आवरणं कठीण. ओंद्रेय थोडा वेळ ऐकत राहिला, मग मला घेऊन सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. पोचूने ठेका धरला, ओंद्रेयने भाता ओढला, पोचू हसला. त्या दुपारी मी जशी वाजले तशी आधी कधीच वाजले नव्हते. लोकांनी नाचणाऱ्यांना खाली बसवलं आणि आम्हा दोघांनाच ऐकलं. गावाने ओंद्रेयचं नाव तिथेच अंद्रुभाऊ करून टाकलं.

शेवटी साहेब भाषणाला उठले. दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून पोचूची ढोलकी तिकडच्या संग्रहालयात जाईल आणि ही पेटी इथे राहील, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. ओंद्रेयला वरिष्ठांनी आधीच सांगितलं असावं. त्याने भात्यावरून हात फिरवला, गाल टेकवला आणि मला पोचूच्या हातात दिलं. तो कायमचा निरोप होता. धन्याचा हात वाद्याला कळतो.

पोचूला मात्र वेगळंच कळलं. या गावाची एक जुनी रीत आहे. दोन गावांच्या दंडारींचं मैत्र जुळलं की वाद्यं बदलतात. एका मंडईला नेलेलं वाद्य पुढच्या मंडईला परत आणायचं, तेही त्याचं काहीतरी नवं करून. तोवर ते घरचा पाहुणा. पाहुण्या वाद्याला कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याचं वाद्य पाहुणं गेलं त्याने दुसरं वाजवायचं नाही. धनी मेल्याची खबर आली तरच यजमानाने ते वाद्य वाजवायचं.

म्हणजे मला वाजवणं हे ओंद्रेयला मेलेला मानणं होतं. एवढं पाप पोचू कसा करील?

त्याने मला देवघराशेजारी पाटावर बसवलं, खाली कोरं धोतर अंथरलं. त्याची बायको गुणाबाई रोज हळदीकुंकू लावायची. नवा तांदूळ घरात आला की पहिली मूठ माझ्यापुढे. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं. घरातली भांडीसुद्धा दिवसातून दोनदा वाजायची.

मला परत पाठवताना काय नवं करावं, याचा पोचूने बरेच दिवस विचार केला. ढोलकीला नवं कातडं चढवतात, पण माझं कातडं कुठे असतं ते त्याला सापडेना. शेवटी त्याने खांद्याचे दोन नवे पट्टे शिवून आणले आणि निरोपाच्या दिवसासाठी माझ्या वरच्या खुंटीला टांगून ठेवले.

पुढची मंडई आली. पोचू सकाळपासून गावाच्या वेशीवर जाऊन बसला. अंधार पडायच्या आत परत आला आणि म्हणाला, समुद्र ओलांडून यायचं म्हणजे उशीर व्हायचाच. त्याच्या पुढच्या मंडईलाही तो तसाच बसला. तिसऱ्या वर्षी दंडारवाल्यांनी देवाजी नावाचा दुसरा ढोलकीवाला आणला. त्यांचंही बरोबर होतं, ढोलकीशिवाय दंडार किती दिवस उभी राहणार? पोचू प्रेक्षकांत बसला. मला मानाने मंचावर ठेवलं होतं, तिथून तो दिसत होता. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

त्याच मंडईत सिंदेवाहीचे वहाबमियां भेटले. पेट्या दुरुस्त करणारे कारागीर. त्यांनी मला लांबूनच निरखलं आणि मान हलवली.

"पोचूभाऊ, पेटी ठेवून ठेवून मरते. भाता कडक होऊन राह्यला. रोज थोडीशी वाजवत जा."

"पाव्हनी हाय, वहाबभाऊ. मी कसा वाजवू?"

वहाबमियांचं खरं होतं. पावसाळ्याच्या ओलीने माझी एक पांढरी पट्टी आत रुतून बसली होती, ती वर येतच नव्हती.

मग या उन्हाळ्यात नागपूरच्या कचेरीतून पाकीट आलं. आत एक फोटो आणि पत्राचा मराठी तर्जुमा. शाळेच्या मास्तरांनी ओसरीवर बसून वाचलं. ढोलकी संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवली आहे, खाली गावाचं नाव लिहिलं आहे, लांबून लोक पाहायला येतात, कोणालाही हात लावू देत नाहीत. फोटोत ती काचेआड उभी होती, ताठ आणि मुकी. तिला पाहून मला रडू आलं. आम्हा दोघींची एकच गत.

पोचूने फोटो कितीतरी वेळ धरून ठेवला. वाचताना मास्तरांचा आवाज पडला होता. ढोलकी आता परत येणार नाही, हे त्यांना कळलं होतं. पण पोचूचा चेहरा उजळला.

"पाहा गुणा, थे लोकबी रीत पाळून राह्यले. कोनी हात नाई लावत. म्हंजे येतीन."

गुणाबाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पत्राची घडी घातली. मला तोंड असतं तरी मी तरी काय सांगितलं असतं?

परवा या वर्षीच्या मंडईची तयारी सुरू झाली. मंचावर न्यायला म्हणून पोचूने मला उचललं आणि माझा जुना पट्टा तटकन तुटला. त्याने मला पडता पडता एका बाजूने धरलं. दुसरी बाजू स्वतःच्या वजनाने खाली गेली, भाता उघडला आणि रुतलेल्या पट्टीचा सूर निघाला. बेसूर, घोगरा, पण लांबलचक. चार वर्षांनी मी माझा आवाज ऐकला.

गुणाबाई चुलीपासून उठून दारात आली. पोचूने मला पाटावर टेकवलं. त्याचा उजवा हात पाटाच्या कडेवर पडला आणि बोटांनी ठेका धरला. तोच, त्या दुपारचा. चार-पाच मात्रा झाल्या असतील. मग तो दचकला, त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही कान पकडले.

"चुकलं, अंद्रुभाऊ. तू खुशाल राय."

त्याने भाता दाबून बंद केला आणि मला सुतळीने बांधलं. नव्या पट्ट्यांकडे पाहिलं, पण ते निरोपाच्या दिवसाचे, म्हणून तसेच ठेवले.

पोचूभाऊ, ओंद्रेय येणार नाही. तो जिवंत असेल, असावाच. पण आमच्याकडचीही एक रीत आहे, ती तुला सांगायला कोणी आलंच नाही. पाहुण्याची पेटी वाजवली नाही तर पाहुणा रुसतो. मी चार वर्षं रुसले आहे. भाता अजून फाटलेला नाही. ते नवे पट्टे खुंटीवरून काढ, मला लाव आणि एकदा ओढ. तुला वाजवता येत नाही याची काळजी करू नकोस. आमच्याकडे ते चालतं.