फोटोतला माणूस काढून मिळणार नाही

मी फोटोग्राफर. शनिवार पेठेत माझा स्टुडिओ आहे आणि गेली वीस-बावीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलोय: हलू नका. नवरीला सांगितलं, पैलवानाला सांगितलं, हेडमास्तरला सांगितलं. मेलेल्या माणसाला तेवढं सांगावं लागत नाही. ते फोटोही मीच काढायचो. जिवंतपणी ज्याला कुणी कॅमेऱ्यासमोर उभं केलं नाही, त्याचा फोटो तिरडीवर ठेवल्यावर सगळ्या भावकीला पाहिजे असतो.

मला ह्या सगळ्याचा वीट आला होता. म्हणून चौऱ्याहत्तर साली रंकाळ्याच्या अंगाला ते मोठं हॉटेल उभं राहिलं तेव्हा मी ठरवलं, ह्याच्या आतले फोटो मीच काढणार. संगमरवरी हॉल, झुंबरं, गुडघाभर गाद्यांच्या खोल्या. त्याची गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघणार होती, मुंबई-दिल्लीच्या लोकांच्या हातात पडणार होती. आणि शेवटच्या पानावर छापणार होते: छायाचित्रे, पिराजी, कोल्हापूर. माझं नाव आजवर कुठं छापलं गेलं नव्हतं. लग्नपत्रिकेतसुद्धा नाही, कारण लग्नच झालं नाही.

हॉटेलचे मॅनेजर अंबादासराव. कोट घालून बसायचे, एप्रिलात सुद्धा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "तुम्ही लग्नाचे फोटो काढता ना? इथं नवरी नाही, हॉल आहे."

"हॉल बरा की," मी म्हणालो. "लाजत न्हाय, घामानं पावडर उतरत न्हाय."

हसले नाहीत. चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला म्हणाले, "हॉलचा एक फोटो मनासारखा आला तर पुढं चाळीस खोल्या, बाग, जेवणघर, दरवर्षीचं सगळं काम तुमचं. नाही आला तर मुंबईहून माणूस बोलावतो."

कामाला येणाऱ्यांनी मागच्या दारानं यायचं, हा तिथला नियम. मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराच्या उकिरड्याशेजारून. खांद्यावर लाकडी कॅमेरा, हातात तिपाई, आणि नाकात कालच्या माशाचा वास. त्याच दारानं विठाबाई यायची. उचगावची, पंचावन्न-साठीची, हॉटेलच्या फरशा पुसायला होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "पावणं, तुमचं काय ते तीन पायाचं जनावर जरा उचलून न्या. माझ्या वल्या फरशीवर टेकवलंसा तर बघा."

दुसऱ्या दिवशी मी तिला मावशी म्हणायला लागलो आणि ती मला अरेतुरे करायला लागली. हिशेब मिटला.

आता मोकळ्या खोलीचा फोटो काढणं सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. माणसाचा चेहरा वाकडा आला तर त्याच्या बापाला दोष देता येतो. खांब वाकडा आला तर फोटोग्राफर गाढव. मी गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि कॅमेऱ्याला टांगून एकेक खांब सरळ केला. खिडक्यांतून ऊन असं घुसायचं की काचेवर नुसती पांढरी भोकं यायची. म्हणून बाहेरून पाच धोतरं बांधली, म्हणजे उजेड गाळून आत येईल. अंबादासराव बोंबलत आले, "हॉटेल आहे की धोबीघाट?" मी म्हणालो, "साहेब, फोटोत धोतर दिसलं तर माझं सोडून घ्या."

एवढ्या रुंद फिल्मा कोल्हापुरात मिळायच्या नाहीत. मुंबईहून स्वतः सहा मागवल्या होत्या. चार दिवसांत पाच गेल्या. एकीत भिंतीवरच्या आरशात मीच आलो, डोक्यावर काळं फडकं घेतलेला, भुतासारखा. एकीत झुंबर हललं. पाचव्या दिवशी एक फिल्म उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासराव मोटारीनं मुंबईला निघणार होते, छापखान्याकडं. म्हणजे आज आला तर आला.

त्या सकाळी हॉलमध्ये बघतो तर विठाबाई फरशीवर बसलेली. रंगाऱ्यांनी आदल्या दिवशी चुन्याचे शिंतोडे उडवले होते, ते ती घासून काढत होती. दहा वाजता मालक पाहुणे घेऊन येणार, म्हणून तिला उठायची सोय नाही. आणि माझा उजेड साडेनवाला मरणार, म्हणून मला थांबायची सोय नाही.

"हिला बाहेर काढा," अंबादासराव म्हणाले.

"राहू द्या. चाळीस सेकंदांचा फोटो हाय. इतक्या वेळात हालणारं माणूस फिल्मवर उमटतच न्हाय. मावशी, तू आपली फरशी पूस. फक्त थांबू नको. सरकत ऱ्हा."

"म्हंजे मी हितं असून नसणार?"

"व्हय."

"रोजचंच की," ती म्हणाली आणि पुसायला लागली.

माझी मोजणी घड्याळाची नाही. मला धंदा शिकवला तात्यांनी. ते आधी तालमीतले, मग फोटोवाले. ते बैठकांवर मोजायचे. एक बैठक म्हणजे दोन सेकंद. मनात वीस बैठका घालायच्या, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवले की समोरच्या माणसाची चुळबुळ दिसते आणि मोजणी पळते.

मी ओळंबा बघितला. आरसा बघितला. लेन्सचं टोपण काढलं, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मोठ्यानं ओरडलो, "हलू नका!"

वीस बैठका झाल्या. टोपण लावलं. डोळे उघडले. विठाबाई हॉलच्या मधोमध गुडघ्यांवर, एक हात फरशीवर दाबून, मान वर करून माझ्याकडं बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"मावशी, तू सरकत होतीस न्हवं?"

"हलू नका म्हणून वरडलास की. झालं काय? हलवू का आता गुडघं?"

स्टुडिओत येऊन फिल्म धुतली. आली होती ती. झुंबराच्या खाली, बारा खांबांच्या मधोमध, लुगड्याच्या काठासकट, हातावरच्या शिरांसकट. आणि माझ्या आयुष्यात तेवढा सरळ, तेवढा नितळ फोटो मी काढला नव्हता. तिच्यामुळं हॉल किती मोठा आहे ते कळत होतं. तिच्या हाताखाली फरशी पाण्यासारखी दिसत होती.

दुपारी अंबादासरावांपुढं प्रिंट ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हॉल उत्तम आलाय. पण ही मध्ये काय करतेय?"

"फरशी पुसतीया."

"ते दिसतंय मला. काढा तिला. तुमच्या पाटीवर लिहिलंय ना, रिटचिंग करून मिळेल? सकाळी सातला मी निघतोय. त्याच्या आत खरवडा आणि तिच्या जागी एक कुंडी काढा. पामची. छान दिसेल."

कुंडी. बाकी काहीही म्हणाले असते तरी मी केलं असतं, खोटं कशाला बोलू. हातात होतं माझ्या. निगेटिव्हवरचं माणूस बारीक सुरीनं खरवडायचं, जागा पेन्सिलीनं भरायची. चार तासांचं काम. पण ते कुंडी म्हणाले.

माझी थोरली बहीण, अक्का. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सासरच्यांनी दुसरी आणली आणि हिला माहेरी आणून सोडली. त्यांच्या घरातल्या सगळ्या माणसांचा एक फोटो होता, तात्यांच्या स्टुडिओत काढलेला. निगेटिव्ह आमच्याकडंच. अक्काचा दीर येऊन म्हणाला, ह्यातली ही बाई काढा, फोटो सोप्यात लावायचाय. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, तात्यांच्या हाताखाली. तात्यांना ठाऊक होतं ती कोण. त्यांनी सुरी माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "काम करायचं हाय का घरी बसायचं हाय?"

मी सुरी घेतली. आधी डोळे खरवडले, म्हणजे पुढचं सोपं गेलं. तिच्या जागी कुंडी काढली. पानं इतकी हुबेहूब आली की तात्यांनी पाठ थोपटली. अक्का माझ्याच घरी, स्टुडिओच्या मागं राहते, दोन वेळा मला वाढते. तिला हे कुणीतरी सांगितलं होतं. तोवर तिनं एकदाही विषय काढला नव्हता, आणि मीही भेकड, कधी काढला नव्हता.

त्या दुपारी मी निगेटिव्ह काचेवर ठेवली, सुरी पुसली. अक्का चहा घेऊन आली. प्रिंट तिथंच पडली होती.

"कोण रं ही?"

"विठाबाई. हॉटेलात फरशी पुसती."

"काढायला सांगितलंय?"

तिची नजर सुरीवर गेली.

"जागी काय ठेवणार? कुंडीच का?"

चहा ठेवून ती गेली. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. मी सुरी म्यानात घातली, प्रिंट पिशवीत टाकली आणि सायकल काढली, थेट उचगाव. कारण नाही म्हणायचा हक्क एकट्या माझा नव्हता. माझं गेलं तर नाव जाणार होतं. तिची भाकरी जाणार होती.

विठाबाई म्हशीला वैरण टाकत होती. तिनं हात लुगड्याला पुसून प्रिंट लांब धरली.

"मी हाय व्हय ही? थोबाड बघ की कसं. तहसीलदारीण."

मी सगळं सांगितलं. तुला काढायला सांगितलंय, नाही काढली तर ते माझ्यावर भडकतील, तुझ्यावरही राग काढतील. तू म्हणशील तसं करतो.

तिनं प्रिंट माझ्या हातात दिली आणि उरलेली वैरण म्हशीपुढं टाकली. मग म्हणाली, "गुडघ्यात कळ मारत हुती. तरी हलले न्हाय. का? तर एवढा बाप्या वरडून सांगतोय, म्हंजे त्याचं काम बिघडाय नको. आन आता सायकल मारत इचाराय आलास, तुला पुसू का म्हणून? लाज न्हाय वाटत?"

"वाटती म्हणूनच आलोय."

"मग जा माघारी. माझ्या कामाचं मी बघीन. तेवीस एकरांची फरशी हाय तितली, त्यो कोटवाला काय सोता पुसणार हाय?"

सकाळी पावणेसातला मी हॉटेलात. अंबादासराव पुढच्या दारात उभे राहून मोटारीत बॅगा ठेवून घेत होते.

"झालं?"

"न्हाय. फोटो हाय असा घ्यायचा असला तर घ्या."

"पिराजीराव, डोकं ठिकाणावर आहे का? लोक इथं राहायला येणार, मोलकरीण बघायला नाही. निगेटिव्ह द्या. मुंबईत गल्लीगल्लीत रिटचिंगवाले बसलेत."

"म्हणूनच देत न्हाय. फिल्म माझी हाय, मी मागवलेली."

मग ते तुम्हीवरून तूवर आले. "तुझं नाव छापणार होतो मी! समजतंय का तुला? नाव!"

"तिला पुसायचं आन माझं छापायचं? असलं नाव घालायचं कुठं? ऱ्हाऊ द्या."

"परत ह्या दारात पाय ठेवू नकोस."

"ह्या दारातनं कवा आलतो मी? मागनंच येत हुतो की."

आणि पहिल्यांदाच पुढच्या दारानं बाहेर पडलो. दरवानानं सलाम ठोकला. नवीन होता, ओळखलं नसेल.

मुंबईहून माणूस आला. पेटीभर दिवे घेऊन आला. पुस्तिका निघाली, मी बघितली. चांगली आहे. उजेड माझ्यापेक्षा बरा धरलाय त्यानं, खांब सरळ आहेत. चोवीस पानांत एकही माणूस नाही. बघणाऱ्याला वाटावं ह्या फरशा रात्रीत आपोआप चकाकतात, गाद्या आपोआप अंथरल्या जातात. विठाबाईला कामावरून काढलं नाही, पण हॉलमधून काढून मागं धोबीखान्यात टाकलं. माझ्यामुळं टाकलं. ते मी विसरत नाही.

मी परत नवऱ्या आणि मयतं काढायला लागलो. पण दोन कामं केली. त्या फोटोची हातभर उंच प्रिंट काढून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. हॉटेलातून निरोप आला, उतरवा. नाही उतरवला. पुन्हा निरोप आला, कोर्टात खेचू. म्हटलं, खेचा, न्यायाधीशांचाही फोटो काढतो. आणि रंगाऱ्याला बोलावून पाटीवर रिटचिंगच्या खाली एक ओळ वाढवली: तीळ, डाग, देवीचे व्रण काढून मिळतील. फोटोतला माणूस काढून मिळणार नाही.

रंगारी म्हणाला, "असलं कुणी लिवतंय व्हय पाटीवर? गिऱ्हाईक पळंल."

"पळू दे. तू लिव."

ओळ वाळायच्या आत अक्का घरातून बाहेर आली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "वाच." मी वाचली. म्हणाली, "परत वाच." परत वाचली. त्या दिवशी तिनं मला जेवताना पहिल्यांदा त्या फोटोतल्या कुंडीबद्दल विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. डोळे आधी खरवडले, तेसुद्धा. ती काय बोलली ते इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

पुढच्या रविवारी विठाबाई उचगावच्या पाच-सहा बायका घेऊन आली. सगळ्या काचेसमोर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं, इठाबाई राणीवाणी दिसतीया. कुणी म्हणालं, पाय बघा की, भेगा. विठाबाई स्वतःकडं बघतच नव्हती. काचेला नाक लावून फरशी बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"त्या चौथ्या खांबाच्या बुडाला बघ," ती मला म्हणाली. "चुन्याचा शितोडा ऱ्हायलाय."

खरंच होता. तांदळाएवढा. मला इतक्या दिवसांत दिसला नव्हता.

"काढू का, मावशी? डाग काढतोय मी. दोन मिनटांचं काम हाय."

"नगं, ऱ्हाऊ दे. कुणी इचारलं तर सांगीन, मी पुसणारच हुते, ह्यो वरडला मधीच."