चघळला गेलेला दोर

मित्रांनो, डुकरांच्या शेडमधल्या खुंटीवर वेटोळं करून बसलेला जुना सुती दोर म्हणजे मी. गिरणीतून निघालो तेव्हा चांगला लांबलचक होतो. वाटलं होतं, कुणाच्या तरी झोपाळ्याला लागेन. नशिबी आली डुकरं!

दर महिन्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझा एक तुकडा कापून कप्प्यात टांगतात. डुकरं धावत येतात आणि तो चघळत बसतात. मग तुकडा पिळायचा, लाळ बाटलीत भरायची आणि तपासायला पाठवायची. सुई नको, आरडाओरडा नको. आधी मला फार लाज वाटायची. पण त्या लाळेतूनच कळतं, कळपात फ्लू शिरलाय का. न खोकणाऱ्या, मजेत खाणाऱ्या डुकरांतही तो सापडतो.

एका महिन्यात नमुना काढायचं काम मालकीणबाईंवर आलं. फ्लू निघाला तर सगळी डुकरं मारतील, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी माझा तुकडा सरळ नळाखाली धरला आणि बाटलीत पिळला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई हजर. “काकू, यात लाळेचा थेंब नाही. डुकरं काय नळाला तोंड लावून बसली होती?”

“उकाडा आहे ना, पाणी जास्त पितात,” बाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. “माझी एकवीस पोरं न्याल तुम्ही!”

“अहो, नेऊ कुठे? हा फ्लू कितीतरी शेडमध्ये असतो. बहुतेक डुकरं आठवड्याभरात बरी होतात. पण तो आहे हे कळलंच नाही, तर पिल्लांना जपायचं कसं? आणि तुम्हाला?”

“मला?”

“तुम्ही शिंकलात की त्यांना, ती शिंकली की तुम्हाला.”

बाईंचा हात आपसूक नाकाकडे गेला. आदल्याच आठवड्यात सर्दीने नाक गळत असताना त्या पिल्लांना कुशीत घेऊन बसल्या होत्या.

दुसरा तुकडा खरोखर चघळला गेला. फ्लू निघाला. तो कप्पा वेगळा केला, बाईंनी तोंडाला मास्क बांधला, बाहेरून नवं डुक्कर आणणं थांबवलं. एकवीसच्या एकवीस वाचली.

आता बाईंना शिंक आली की त्यांचे यजमान, आमचे काका, डुकरांना खायला घालायला आत जातात आणि त्या कुंपणाबाहेरून ओरडतात, “अहो, तिच्याशी लाडाने बोला, त्याशिवाय खात नाही ती!”

“माझ्याशी बोलली होतीस का कधी लाडाने?” काका आतून विचारतात.

मित्रांनो, मी आता जेमतेम पाच हात उरलोय, पण त्याचं दुःख नाही. एवढंच मागतो, सर्दी झाली की मुक्या जिवांपासून चार दिवस लांब राहा आणि आजार लपवू नका. परवा बाईंनी आपणहून माझा तुकडा कापला आणि सगळ्यात लाडक्या पिल्लापुढे धरला.

“चघळ गं बाई, नीट चघळ. काय असेल ते कळू दे आपल्याला.”