मागच्या बाजूची ओवी

ग्रामोफोनच्या सुईच्या टोकाला मळाचा एक केसाळ पुंजका लोंबत होता, हळदीच्या धुळीने पिवळा पडलेला, आणि फुंकर मारूनही तो उडेना तेव्हा नेमिनाथने चिमटीत धरून ओढला — ओलसर लागला. धुळीला ओल कुठून आली... त्याने बोट विजारीला पुसलं, तरी ते ओलंच वाटत राहिलं. मांडवात पंगत नुकती उठली होती. उष्ट्या पत्रावळींचा ढीग कनातीला टेकलेला, त्यातून आमटी ओघळत कर्ण्याच्या तारांपर्यंत आलेली, आणि कर्ण्यातून सकाळपासून एकच गाणं — 'पंपावरची मैना' — वडूजच्या मानसिंग आणि पार्टीच्या तबकडीची पहिली बाजू. सगळ्या सांगलीला तेवढंच हवं. क्लॅरिओनेट किंचाळलं की पोट सुटलेले बापे ढेकर देत हात वर करायचे.

आणि ही पार्टी खरं तर त्याची होती. म्हणजे, तबकडी वगैरे काही नव्हतं तेव्हापासून तो त्यांच्यामागे जत्रांतून हिंडला होता. पाच माणसं, एक हलगी, एक तुणतुणं. तबकडी निघाली तेव्हा त्याने ती छातीशी धरून आणली, ती मैनेसाठी नव्हे. मागच्या बाजूला एक ओवी होती. नुसतं तुणतुणं आणि मानसिंगचा गळा —

पंचमीच्या सणाला, वाट बघते भावाची
धूळ उडते गाडीची...

इथे तो थांबायचा. तुणतुणं एकटंच चालत राहायचं, जशी कुणी बाई कपाळावर हात धरून बघतेय, आणि मग खाली उतरलेल्या आवाजात —

गाडी परक्या गावाची.

त्या थांबण्यात पद्मा होती. म्हसवडला दिलेली बहीण. दर पंचमीला नेमिनाथ मुराळी होऊन तिला माहेरी आणायला जायचा. एस्टीतून उतरला की ती वेशीजवळ उभी, कपाळावर हात, डोळे बारीक. "बरं हाय न्हवं गं?" "हाय की, अण्णा." एवढंच बोलणं. मग बाळंतपणात ती गेली, आणि घरात तिचं नाव काढायचं नाही असं न सांगता ठरलं. तो मनात म्हणायचा, मला रडायला ही एवढीच जागा उरली, एका श्वासाएवढी. तिथे मी उतरतो, ती दिसते, सुई पुढे जाते.

"वाढव की रं आवाज!"

मानसिंग होता. नवा टेरिलीनचा शर्ट, एक गाल फुगलेला. मैनेमुळे आता त्याला लग्नाची आमंत्रणं येत.

"आवं दादा, बसा. तुमचीच लावतो. मागची."

"ती कशाला? जेवल्याली माणसं घोरतील." तो हसला. "जागा भराय म्हणलीया ती. पेटीवाला च्याला गेलता. तबकडीवाला सायेब म्हनला, मागं कायबी म्हणा."

नेमिनाथने तबकडी उलटली. तिच्याकडेच बघत म्हणाला, "त्ये गाडीच्या फुडं थांबता न्हवं, तुमाला कसं सुचलं? लय..."

"कुटं?" मानसिंग आठवू लागला, मग त्याने मांडीवर थाप मारली. "त्ये व्हय! गड्या, तंबाखू हुती गालात. काचंची खोली, थुकायचं कुटं? गिळली बघ. आवाजच बसला!" आणि वाकून त्याने तारांवरून, पत्रावळींवर, लांब पिचकारी मारली.

तपकिरी. आमटीत मिसळत चाललेली... नेमिनाथने कर्ण्याच्या तारा बाजूला ओढल्या. त्या रसासाठी मी रडलो? एका माणसाच्या घशातून उतरणाऱ्या त्या घाणीला मी पद्मा म्हणालो?

"ओ कर्णेवाले, मैना लावा, मैना!"

त्याने सुई टेकवली. मागच्याच बाजूवर.

पंचमी आली, वाट आली, धूळ उडाली — आणि थांबलं. आता ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट, तुणतुण्याच्या खाली: घोट. बुळबुळीत, घाईचा घोट. त्याने डोळे मिटून तिला शोधलं, आता काही ती यायची नाही म्हणत. ती आली. वेशीजवळ, कपाळावर हात. बरं हाय न्हवं गं? आणि तिचा गळा हलला. हलायचा की दर वेळी, मी बघायचो की — आधी गळा हलायचा, मग "हाय की, अण्णा."

काय होतं तिच्या तोंडात, बोलायच्या आधी गिळलेलं...

"मैना, मैना!" माणसं ओरडत होती, मानसिंगही त्यांच्यात. सुई पुढे गेली होती, गाडी परक्या गावाची निघाली होती, आणि नेमिनाथच्या तोंडात थुंकी दाटून आली होती. थुंकायला पुष्कळ जागा होती. तो ओठ घट्ट मिटून बसून राहिला.