शंभर नंबरचं क्रीम, अर्धा हात

सगळं मनासारखं झालं असतं, तर रंगाच्या ठेकेदारांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: लेक पोहण्याच्या संघात आणि सनस्क्रीनची अर्धी ट्यूब शिल्लक. पहिलीसाठी लेकीने वर्षानुवर्षं पाणी कापलं होतं. दुसरीसाठी ठेकेदारांनी त्रैराशिक मांडलं.

निवड उघड्या तलावावर होती. आज प्राथमिक फेऱ्या, उद्या अंतिम. मेव्हणी अशी क्रीमं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिने पन्नास नंबरचं आणायला सांगितलं होतं. ठेकेदारांनी शंभरचं आणलं आणि लेकीच्या पाठीवर असं ओढून ओढून पसरलं, जसा डब्याच्या तळाचा रंग.

"बाबा, अजून लावा ना."

"शंभराचं आहे, राणी. अर्ध्यात पन्नास. मावशीने तेवढंच सांगितलंय."

संध्याकाळी लेक अंतिम फेरीत पोचली होती आणि खांदे लालबुंद झाले होते. हात लावू देईना. मेव्हणी बघायला आली, तर ठेकेदार तिच्यावरच घसरले.

"तुमचे नंबर खोटे असतात!"

"पक्के नसतात, भावोजी. एकच क्रीम दोन प्रयोगशाळांना द्या, आकडे दोन येतील. पण आम्ही माणसाच्या पाठीवर जाड थर देतो, मग कातडी लाल कधी होते ते बघतो. आकडा त्या थराचा. थर अर्धा केलात, तर आकडा अर्ध्याच्याही खाली जातो. आणि पोहून आल्यावर परत लावलंत?"

ठेकेदारांनी पंखा वाढवला.

बायको म्हणाली, "अहो, भिंतीचे पोपडे पडले म्हणून आलेल्या गिऱ्हाईकाला काय सुनावलंत? ‘डब्यावरची सात वर्षांची हमी दोन हातांची, तुम्ही एकच मारून घेतलात, आता रंगाच्या नावाने बोटं मोडू नका!’"

"भिंतीचं वेगळं असतं."

"असतंच. भिंतीला उद्या पोहायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी लेकीचा हात खांद्याच्या वर जाईना. गेला की डोळ्यांत पाणी. चौघी घ्यायच्या होत्या. ही सातवी आली. ठेकेदार लांब बाह्यांच्या शर्टात, मांडवाच्या सावलीत बसून पंचांना नावं ठेवत होते.

तेव्हा कोणाचं काय गेलं? कंपनीचं काही नाही. भरपूर लावा, असं ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. प्रयोगशाळेचं नाही. ठेकेदारांचंही नाही, त्यांना तर नवा मुद्दा मिळाला: आकड्यांवर विश्वास ठेवू नये. लेकीची कातडी गेली आणि पुढच्या निवडीपर्यंतचं एक वर्ष.