डब्यातला विस्तव

पहाटे लोखंडी छताच्या जोडावर थेंब धरायचा. आधी नुसती ओल, मग मोहरीएवढा दाणा. शेजारच्या दाण्याला मिळून तो जड व्हायचा, सांध्याच्या रेषेवरून घरंगळायचा आणि रोज एकाच जागी येऊन सुटायचा. सविताने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला छत गळतंय असंच वाटलं होतं. पण बाहेर आभाळ निरभ्र होतं. ते पाणी आतल्या माणसांच्या श्वासाचं होतं. बाहेर जायला वाट नसल्याने ते थंड लोखंडाला चिकटायचं आणि परत त्यांच्याच अंगावर पडायचं.

आता थेंब धरत नव्हता. आईचा दहावा झाल्यावर सविताच्या नवऱ्याने, आदिनाथने, छताखालच्या झरोक्यांत कोंबलेल्या चिंध्या उपसून काढल्या होत्या आणि छिन्नी-हातोडीने आणखी दोन भोकं पाडली होती. त्यांतून गार वारा थेट अंगावर येई. सविता पडल्यापडल्या कोरडा सांधा बघत होती. शेजारी लेक सृष्टी झोपली होती. सविताने तिच्या नाकासमोर तळहात धरला. श्वास लागला तशी ती उठली. हे आता रोजचंच झालं होतं.

सप्टेंबरच्या पुरात गावाची नदीकडची आळी वाहून गेली. माणसं शाळेत राहिली, मग मंदिरात. दिवाळीच्या आधी एका संस्थेने जहाजावरून माल वाहणारे जुने कंटेनर आणून गायरानाच्या उतारावर ओळीने मांडले. एका अंगाला कापून दार आणि खिडकी बसवलेली, आतून प्लायवुड, वर एक ट्यूब. लोक त्याला डबा म्हणू लागले. समोरच्या डब्यातली लंकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचा बंगला समुद्र बघून आलाय. मी अजून नगर बघितलं न्हाई."

डबे बसवणाऱ्या माणसाने झरोके आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितलं होतं. पण माळावरची थंडी सुरू झाली आणि साऱ्या ओळीने झरोक्यांत चिंध्या कोंबल्या. थंडीत वाऱ्याची वाट बुजवायची, हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

कारण निम्मं गाव दरवर्षी ऊसतोडीला जाणारं. कारखान्याच्या माळावर सहा महिने कोपीत राहायचं. बांबू वाकवायचे, वर पाचट आणि ताडपत्री टाकायची, वाऱ्याकडची फट बुजवायची. रात्री भाकरी झाल्या की चुलीतला विस्तव घमेल्यात घ्यायचा, वर राख पसरायची आणि घमेलं आत पायथ्याशी ठेवायचं. कोपी पाचटाची. किती बुजवली तरी तिला शंभर भोकं, धूर आपोआप निघून जातो. सविताची सासू झुंबरबाई हिने तीन लेकरं त्या घमेल्याच्या उबेवर वाढवली होती. गुडघे गेल्यावर ती नातीला घेऊन गावी राहू लागली आणि मुलगा-सून तोडीला जाऊ लागले. यंदाही तसेच गेले, संगमनेरच्या पुढे.

फोन आला तेव्हा सविता मोळी बांधत होती.

झुंबरबाईने नेहमीसारखंच घमेलं आत घेतलं होतं. विस्तव चांगला फुललेला, धुराचा पत्ता नाही. धूर नाही म्हणजे भीती नाही, हा तिचा उभ्या आयुष्याचा हिशेब. सकाळी दार उघडेना तेव्हा लंकाबाईने ओळ गोळा केली. सृष्टीचं अंथरूण दारालगत होतं आणि दाराचं रबर तिथे बोटभर निघालेलं होतं. तेवढ्या फटीने पोरगी वाचली.

पाथर्डीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सविताला समजावून सांगितलं. कोंडलेल्या जागेत विस्तव जळाला की जो वायू होतो त्याला वास नसतो, धूर नसतो. रक्तात हवेची जागा तोच धरून बसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप लागते. सृष्टीला तेवढंच आठवत होतं. "आजी म्हनली, डोकं लई जड झालंय, थंडीनं झालं आसंल. मग तिनं माझ्यावर अजून एक गोधडी टाकली."

तेरावा उरकला होता. आज टोळीचा मुकादम सहादेव त्यांना तोडीला परत नेण्याचं ठरवायला येणार होता. दवाखान्यातल्या खाटेपाशी बसल्यापासून सविताच्या मनात एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती अजून तिच्या तोंडातून निघाली नव्हती.

चहा डब्याबाहेरच झाला. आदिनाथची थोरली बहीण केशरबाई सृष्टीसाठी एक स्थळ घेऊन तेराव्यानंतर मुद्दाम मागे राहिली होती.

"सविता, तू काहीतरी बोल बाई," ती म्हणाली. "पोरगं चांगलं हाय. सोताचा पिकअप चालवतंय. घरात मानसं हायत, पोरगी एकटी पडायची न्हाई."

"वन्सं, ती दहावीला हाय. पंधरा वरसाची."

"मग मी काय म्हातारी म्हनले का तिला? आई हुती तवर कुनाला घोर न्हवता. आता हितं डब्यात एकटी ठिवून जाती का? रातच्याला कोन दार वाजवंल, काय सांगावं? माझ्याकडं नेली आसती, पन माझ्या घरात दिराची तरनी पोरं. उद्या लोकं मलाच बोलत्याल."

लंकाबाई तिच्या उंबऱ्यावरून म्हणाली, "मी सांभाळते म्हनले आसते गं. पन दिवस मावळला की मला दिसत न्हाई. मग मी पोरीला बघायचं का पोरीनं मला?"

तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेत वसतिगृह चाले. यंदा त्या खोल्यांच्या भिंतीच पुराने खचल्या होत्या.

सृष्टी आतून आली आणि कप उचलता उचलता म्हणाली, "आत्या, पिकअप हाय म्हनती, मग मला रोज शाळंला सोडंल का त्यो? का माल आसला की खाली उतरवंल?"

केशरबाईला हसू आवरेना. "बघा. जीभ सगळी आजीची घेतलीय."

आदिनाथही हसायला आला होता. पण आजीचं नाव निघालं आणि त्याने मान खाली घातली. "बघू," तो म्हणाला. गेले कित्येक दिवस तो एवढंच बोलत होता.

जीप चढ चढून आली. सहादेव उतरला, टोपी काढून डब्याकडे पाहत क्षणभर उभा राहिला. "मावशीनं मला हातानं भाकरी वाढलीय," तो म्हणाला. "लई वाईट झालं." मग तो दगडावर टेकला आणि कामाचं बोलू लागला. रानं ओली होती म्हणून कारखाना उशिरा लागला, आता गाड्या थांबत नाहीत. टोळीत एक कोयता कमी पडतोय. कोयता म्हणजे नवरा-बायको: एकाने तोडायचं, दुसरीने मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची.

"उद्या सकाळी जीप लावतो. दोघं बी तयार ऱ्हावा."

"पोरीचं बघतोय आमी," केशरबाई म्हणाली.

"तिला बी घ्या की संगं. उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करंल, सैपाक करंल. आईला तेवढाच हात."

प्रत्येकाजवळ पोरीसाठी एकेक जागा होती: सासर, नाहीतर उसाचा फड. त्यातल्या कुठल्याही जागी गेली की शाळा सुटणार. सविताला नदीकडच्या आळीतल्या, वाहून गेलेल्या आपल्या घराचा पाया इथून दिसत होता. हंगाम पुरा झाला तरच त्यावर भिंती चढणार होत्या. कोयता मोडला तर आदिनाथला दुसऱ्या कुठल्या टोळीतला जोडीविना उरलेला अर्धा कोयता शोधावा लागेल, कमाई निम्म्यावर येईल आणि पुढचा हिवाळाही याच डब्यात काढावा लागेल. आणि ज्या दाराआड सासूने प्राण सोडला ते दार रोज रात्री तिला एकटीने आतून लावावं लागेल. एवढ्याचसाठी तिची जीभ अडत होती. लग्न झाल्यापासून आदिनाथ एकही हंगाम तिच्याशिवाय गेला नव्हता. तो नाही म्हणेल याची तिला जेवढी धास्ती होती, तेवढीच तो हो म्हणेल याचीही होती.

सृष्टी कप विसळत होती. पाण्याचा आवाज थांबला. ती ऐकत होती, मान न वळवता.

सहादेव उठला. "मग ठरलं का आदिनाथ? मला पुढं अजून दोन गावं करायची हायत."

"बघू..."

"आता बघायचं काय ऱ्हायलं न्हाई," सविता म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. केशरबाईने वर पाहिलं. आदिनाथनेही पाहिलं, आणि या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने नजर काढून घेतली नाही.

"भाऊ, उद्या हे एकटेच येत्याल. पोरीचं लगीन करायचं न्हाई अन् तिला फडात बी न्यायची न्हाई. मी येनार न्हाई. तिची परीक्षा हुईस्तवर मी हितं, ह्याच डब्यात, तिच्यापाशी ऱ्हानार हाय."