शोधायचं काम मी सोडलं

मी टेक्स्ट एडिटर बोलतोय. संगणकावर मजकूर ज्याच्यात टाइप करतात, तो मी. लातूरला क्लासच्या गल्लीत, रईसाआपांच्या टायपिंगच्या दुकानात माझा मुक्काम. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांचे अब्बा खाजामियाँ इथेच बसून टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. पुढे गल्लीत क्लास वाढले, अर्जांच्या जागी प्रश्नपत्रिका आल्या आणि त्यांच्यासाठी मी आलो.

एका गोष्टीचा मला भारी तोरा होता. आपांनी एखाद-दोन अक्षरं टाइप केली, की मी यादीतून अख्खा शब्द पुढे करायचो. त्यांनी टॅबचं बटण दाबलं की शब्द उमटलाच. सुरुवातीची अक्षरं जुळतात ना, एवढंच मी बघायचो.

दहावीला विज्ञान शिकवणारे भीमाशंकर सर हाताने पेपर लिहिताना शब्द तोडून लिहितात. ‘पेशीभित्तिका’ म्हणजे त्यांचं ‘पेभि’. आपांनी ‘पेभि’ टाइप केलं, तर मला काहीच सापडेना. त्यांनी ‘भि’ खोडलं. मी लगेच ‘पेशीद्रव्य’ पुढे केलं. आपांची नजर सरांच्या कागदावर आणि बोट टॅबवर! पेपरात बरोबर उत्तराच्या जागी ‘पेशीद्रव्य’ छापलं गेलं. रविवारी तीनशे मुलं चार पर्यायांत नसलेलं उत्तर शोधत बसली.

सोमवारी सर आले. “आपा, लेकरं रडत होती. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडं द्यावं लागंल.”

दुकान चालायचं ते सरांच्याच कामावर. आपा नुसत्या “हाव सर” म्हणाल्या. चूक माझी होती आणि मान त्यांनी खाली घातली, याची मला फार लाज वाटली.

त्यांनी नांदेडहून मैत्रिणीला बोलावलं. धम्मप्रियाताई तिकडे संगणक शिकवतात. त्यांनी मला तपासलं आणि त्या हसल्या.

“ह्याला समदं स्वतःच करायचा लई सोस हाय. शोधायचं काम बाहेरच्या प्रोग्रामला देऊन टाकू.”

“मग हा काय करंल?”

“लिहील की! त्याच्यासाठीच तर हाय.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या घरात परका येऊन शब्द शोधणार! पण आपांचा उतरलेला चेहरा आठवला आणि मी मनाशी पक्कं केलं, की आता आड यायचं नाही.

ताईंनी चार ओळी लिहिल्या. आता आपा जे टाइप करतात ते मी यादीसकट त्या प्रोग्रामच्या हवाली करतो. ती अक्षरं त्याच क्रमाने शब्दात कुठेही असोत, तो हुडकून काढतो. त्याने दिलेले शब्द मी आपांसमोर मांडतो. ‘पेभि’ टाइप केलं आणि ‘पेशीभित्तिका’ सगळ्यांत वर!

पुढच्या रविवारी परीक्षा सुटली आणि सर दारात उभे राहिले. आपांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी नवा कागद टेबलावर ठेवला.

“आपा, एक बी चूक न्हाई. आता वर्षाचे समदे पेपर तुमच्याकडंच.”

उद्या माझ्याहून चांगला एडिटर येईल, मला काढून टाकतील. खुशाल टाका. तोवर हवा तो शब्द मी त्या प्रोग्रामकडून मागून आणीन. आपा, तुम्ही फक्त टॅब दाबण्याआधी एकदा माझ्याकडे बघत जा.