आठच्या गोळीची भाषा

ज्या वर्षी धाकट्या मुलीने नवऱ्याला सोडलं आणि वर्ष सरायच्या आत त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न केलं, त्या वर्षी लिफ्टमिस्त्रींनी कॉम्प्युटरची भाषा शिकायचं ठरवलं. घरच्यांना दोन्ही गोष्टींचं सारखंच आश्चर्य वाटलं, म्हणजे फारसं नाही. दोन्ही वेळा सगळे म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं," आणि जेवायला बसले.

मिस्त्रींना या वयात ही हौस उगाच सुचली नव्हती. त्यांच्या बायकोला फिट यायची. सकाळी आठला एक गोळी घेतली की दिवस सुरळीत जायचा. चुकली की दुपारपर्यंत बाई कुठे पडतील याचा नेम नसायचा. मिस्त्री सकाळी सातलाच कामावर जात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण एका जुन्या कचेरीच्या दोन लिफ्ट त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हत्या. त्या ऐकत, बायको ऐकत नव्हती.

आठ वाजता फोन केला तर बाई त्यांचा आवाज नीट ओळखून "राँग नंबर" म्हणत आणि ठेवून देत. सोबतीला एक मुलगी ठेवली, तिला बाईंनी आठवडाभरात इतकं दमवलं की ती पगार न मागता गेली. मग थोरल्या मुलीने आठवण करून देणारं एक तयार यंत्र आणलं. त्यातून गोड आवाजात एक बाई म्हणायची, "कृपया आपले औषध घ्या. आपला दिवस शुभ असो." दोन दिवसांनी ते यंत्र पिठाच्या डब्यात सापडलं.

"का गं ठेवलंस तिथे?"

"ती कोण टवळी मला माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगणार? आणि आपले काय, आपले? माझी काय तिच्याशी सोयरीक आहे?"

विसरभोळेपणा किती आणि हट्ट किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मिस्त्रींना मात्र एक गोष्ट लग्नापासून ठाऊक होती. या बाईला विनवलं की ती हलत नाही. टोमणा मारला की उत्तर देण्यासाठी तरी उठते. तेव्हा टोमणे मारणारं यंत्र हवं, तेही रोज वेगळा टोमणा मारणारं, आणि ती बटण दाबेपर्यंत गप्प न बसणारं. असं यंत्र बाजारात नव्हतं, म्हणून ते करायचं. ते करायचं तर भाषा शिकायची. आणि शिकायची तर कुठली, इथे घोडं अडलं.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती. पूर्ण नकाशा डोळ्याखालून घातल्याशिवाय ते कुठल्या लिफ्टचं झाकण उघडत नसत. कोणी म्हणे, बघा तरी उघडून. ते म्हणत, उघडून बघणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागतात. त्या रीतीमुळे त्यांच्या हाताखाली कधी कोणाला ओरखडा उठला नाही. तीच रीत त्यांनी भाषेला लावली. आधी सगळ्यांना विचारू, मग हात घालू.

पहिला विचारला थोरला जावई. तो एका पतपेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा.

"जावा," तो म्हणाला. "बाबा, शिकायचं तर जावा. मोठमोठ्या कंपन्या त्याच्यावर चालतात."

"मला कंपनी चालवायची नाही. एक गोळी द्यायची आहे."

"आज गोळी आहे. उद्या वाढवायचं झालं तर?"

"काय वाढवायचं? बायका?"

आतून बाईंचा आवाज आला, "घरात जावा आणल्या की भांडणं आलीच. मी तीन जावांत संसार केलाय, मला विचारा."

दुसरा विचारला पुतण्या. तो मोबाइलवरचे खेळ बनवायचा आणि दर सहा महिन्यांनी नोकरी आणि भाषा दोन्ही बदलायचा. जावाचं नाव ऐकून त्याने काकांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी कंदील विकत घेतला होता. "काका, आता सगळं जावास्क्रिप्टवर आहे."

"ती जावाची कोण? धाकटी बहीण?"

"काही नातं नाही."

"मग आडनाव कसं लावते?"

पुतण्याने खांदे उडवले. भाषांच्या घराण्यातही हे प्रकार चालतात हे कळल्यावर मिस्त्रींना जरा धीर आला.

तिसरे विचारले शेजारचे मास्तर. त्यांनी हयातभर गणित शिकवलं होतं आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ते प्रश्नाच्या आजोबांपासून सुरू करत. "सी," मास्तर म्हणाले. "पाया सी. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळल्याशिवाय वरची भाषा शिकणं म्हणजे पोहता न येता होडी रंगवणं."

"किती काळ लागेल?"

"पाया आहे. पाच-सहा वर्षं धरा."

"तोवर ती गोळी कोण देईल?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न झाला," मास्तर म्हणाले.

अशी ती चौकशी चालली. मिस्त्रींना हळूहळू उमगलं की प्रत्येक जण स्वतः जे शिकला तेच सांगतो. आपण एका वेड्याशी लग्न केलं म्हणून सगळ्या जगाने वेड्याशीच करावं, तसं. तरी त्यांनी विचारणं सोडलं नाही. उलट मुलीसाठी स्थळं बघावीत तशी ते भाषांची स्थळं बघू लागले. वय किती? कमावते किती? पुढे टिकेल का? माणसं कशी आहेत? एकीचं सगळं जुळत होतं, तर कोणीतरी म्हणालं, ती फार हळू चालते. मिस्त्री म्हणाले, मला पळवून कुठे न्यायची आहे? पण मनात खोट राहिली, आणि ते स्थळ मागे पडलं. रविवारी जावई, पुतण्या आणि मास्तर चहाला जमत आणि वाद घालत. मिस्त्री ऐकत. अर्धं वर्ष गेलं. टोमणा मारणाऱ्या यंत्राची एक ओळसुद्धा लिहून झाली नव्हती.

त्या अर्ध्या वर्षात बाई दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा गॅसच्या शेगडीजवळ. पदर पेटला नाही हे नशीब. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं.

थोरली मुलगी आली. आईच्या हाताला मलम लावलं, वडिलांना बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "बाबा, मी शहराच्या त्या टोकाला एक आश्रम बघून आलेय. स्वच्छ आहे. नर्स असतात. पुढच्या महिन्यात आईला तिथे ठेवू."

"मी यंत्र करतोय."

"कुठाय?"

मिस्त्रींनी टेबलावरचे चहाचे कप गोळा करायला घेतले.

"तुम्ही यंत्र करत नाही, बाबा. तुम्ही यंत्राविषयी चहा पाजताय."

हे ती अजिबात आवाज न चढवता बोलली. आईची मुलगी होती. जावई कोचावर बसला होता. त्याने तोंड उघडलं, बहुधा जावाविषयीच, आणि बायकोकडे बघून मिटलं.

मुलगी गेल्यावर मिस्त्री स्वयंपाकघरात येऊन बसले. बाई एका हाताने वाटाणे सोलत होत्या. त्या दिवशी त्यांचं डोकं लख्ख होतं. असे दिवसही येत.

"मला पाठवणार म्हणे," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"भिंती पातळ आहेत आणि मला कान आहेत." त्यांनी एक शेंग फोडली. "एक विचारू? माझ्याआधी किती मुली बघितल्या होत्या तुम्ही?"

"आता हे मध्येच काय?"

"सांगा तरी."

"एकही नाही. तूच पहिली."

"आणि लगेच हो म्हणालात. का?"

मिस्त्रींनी खोटं बोलून बघितलं असतं, पण चाळीस वर्षांत ते कधी जमलं नव्हतं. "त्या दिवशी एक लिफ्ट अडकली होती. माणसं आत होती. मला निघायचं होतं."

"म्हणजे घाईत."

"हो."

"माझं वय, कमाई, टिकेल का, काही विचारलं नाहीत."

"नाही."

"मग माझ्यापेक्षा ती भाषा काय मोठी लागून गेली?" बाई म्हणाल्या. "आणि त्या मास्तरांना सांगा, चहातली साखर संपलीय. कायमची."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानात शिरले. "काड्यापेटीएवढा कॉम्प्युटर मिळतो म्हणतात, तो द्या."

"कुठल्या भाषेत काम करणार?" दुकानदाराने विचारलं आणि समजावून सांगायला सरसावून बसला.

"याच्याबरोबर जे पुस्तक येतं त्या भाषेत."

"पण तसं बघितलं तर—"

"माणसं आत अडकलीत," मिस्त्री म्हणाले आणि पाकीट उचललं.

ती भाषा पायथन निघाली. ती सोपी असते असं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. असं लिहिणाऱ्याला पुढे कोणी जाब विचारत नाही. एखादी ओळ जरा आत सरकवायची राहिली की अख्खं यंत्र रुसायचं आणि इंग्रजीत काहीतरी बोलायचं. मिस्त्री दर दुपारी नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून एका बोटाने लिहीत. पहिल्यांदा यंत्र बोललं तेव्हा ते थांबेना. "अगं गोळी घे, अगं गोळी घे," असं सुरूच राहिलं. बटण दाबलं तरी ऐकेना. शेवटी वायर उपटावी लागली.

बाई दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. "तुमच्यावर गेलंय," त्या म्हणाल्या.

महिना संपायला आला तेव्हा यंत्र स्वयंपाकघरात फडताळावर बसलं. मिस्त्रींनी आपल्या आवाजात टोमणे भरले होते. आठला ते बोललं, "राणीसाहेब, गोळी तुमची वाट बघून थकली." बाईंनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने दुसरा आला: "घेऊ नकोस. मी तुझ्या वन्संना बोलावतो, महिनाभर राहायला."

बाईंनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, बटण दाबलं आणि यंत्राला म्हणाल्या, "बोलवा. तुमची बहीण, तुम्हीच तिचे पाय चेपा."

आधी गिळायचं, मग उत्तर द्यायचं, असा त्यांचा क्रम ठरला. तोंडात गोळी ठेवून भांडता येत नाही. सोफ्याच्या फटीत लपवलेल्या गोळ्या सापडायच्या, त्या बंद झाल्या. थोरली मुलगी एका सकाळी मुद्दाम पाहुणी आली, हा प्रकार तिने दाराआडून बघितला, आणि आश्रमाला फोन करून खोली दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितलं. बापाला एवढंच म्हणाली, "आवाज जरा कमी ठेवा. खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा गोळ्या घेतील."

जावई, पुतण्या आणि मास्तर येऊन यंत्राचं पोट बघून गेले. तिघांनी मान हलवली. जावई म्हणाला, हे वाढवता येणार नाही. पुतण्या म्हणाला, हे दिसायला चांगलं नाही. मास्तर म्हणाले, याला पाया नाही. इतक्या महिन्यांत तिघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला. बिनसाखरेचा.

मिस्त्री दर आठवड्याला नवे टोमणे भरत. जुने बाईंना पाठ होत आणि यंत्राच्या आधी त्याच म्हणून टाकत. एरवी नातवंडांची नावं विसरत, पण टोमणा एकही विसरल्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात बाईंना खोकला झाला, तो छातीत उतरला, आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे नर्स फार गोड बोलायच्या. "आजी, घ्या ना, शहाण्या ना तुम्ही." आजी भिंतीकडे तोंड करत. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी यंत्र पिशवीतून आणलं आणि उशाजवळच्या कपाटावर ठेवलं. मोठ्या नर्सने हरकत घेतली, पण आठ वाजले होते. "पडून राहायची सवय लागली का? घरी भांडी साचलीत," यंत्र म्हणालं. बाईंनी हात पुढे केला. नर्सने त्यावर गोळी ठेवली.

"साचू द्या," बाई यंत्राला म्हणाल्या. "हात मोडलेत का तुमचे?"

मिस्त्री पलंगाच्या दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडे बाईंनी पाहिलं नाही. पलीकडच्या पलंगावरची म्हातारी हसून हसून खोकली.

बाईंना पुन्हा फिट आली नाही. छाती मात्र भरत गेली. धाकटीच्या दुसऱ्या लग्नाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्या मार्चच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी लिफ्टमिस्त्रींची बायको हॉस्पिटलात न्यूमोनियाने वारली.